दुसऱ्या गटातली

छायानं स्टीलचा डबा दोन्ही हातांनी जोरात हलवला, झाकण उघडलं आणि तो पहिल्या बाईसमोर धरला. डबा घरचा होता. एरवी त्यात लाडू असत; संशोधनासाठी तो घासून-पुसून आणला होता. आत चिठ्ठ्या होत्या, निम्म्यांवर 'अ', निम्म्यांवर 'ब'.

"न बघता उचलायची, मावशी. डोळे मिटून."

"न बघता तर लगीनबी केलं," नवसाबाई म्हणाली आणि समाजमंदिरातल्या सगळ्या बायका हसल्या.

"पण निघाला ना चांगला?" शेजारी बसलेली धोंडाबाई म्हणाली. "मंग चिठ्ठीबी निघंल. उचल आता, मॅडमचा हात दुखंल."

नवसाबाईला 'अ' निघाला. धोंडाबाईला 'ब'. दोघींनी आपापल्या चिठ्ठ्या एकमेकींना दाखवल्या, उलट्या करून पाहिल्या आणि मग छायाकडे पाहिलं.

"मॅडम, आम्हाला एका गटात टाका ना. कुठल्याबी टाका. आमचं काय म्हणणं नाय."

"तसं नाही करता येत, मावशी. मग ते शास्त्रीय राहत नाही."

शास्त्रीय म्हटल्यावर दोघी गप्प झाल्या. छाया शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होती आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पीएचडी करत होती. मधुमेह असलेल्या बायकांमध्ये व्यायामाची प्रेरणा कशी वाढवावी, हा विषय. स्वतः ती घरापासून दोन गल्ल्यांवरच्या कॉलेजात स्कूटरनं जायची. पण हृदयरोगावर संशोधन करणाऱ्याला हृदयरोग असावाच लागतो असं नाही. मखमलाबादच्या पुढचं हे भाजी आणि फुलं पिकवणारं गाव तिनं निवडलं, कारण तिथं पन्नाशी ओलांडलेल्या, साखर वाढलेल्या बायका मुबलक होत्या आणि समाजमंदिर फुकट मिळत होतं.

'अ' गटासाठी दर आठवड्याला कार्यक्रम होता. माहिती, चालणं, व्यायाम, एकमेकींना प्रोत्साहन. 'ब' गटासाठी काहीच नव्हतं. त्यांचं वजन आणि साखर सुरुवातीला मोजायची, शेवटी पुन्हा मोजायची, आणि मधले तीन महिने त्यांना त्यांच्या नशिबावर सोडायचं. काही केलं नाही तर काही होत नाही, हे सिद्ध करायला 'ब' गट लागतो. जगातली बहुतेक माणसं त्याच गटात असतात. फक्त त्यांची मोजमापं कोणी घेत नाही.

एकच भीती होती. छायाच्या गाइड, डॉ. मोहिनी मॅडम, त्या भीतीला कंटॅमिनेशन म्हणायच्या. त्यांच्या आधीच्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्यातच गेला होता. तिच्या 'अ' गटातल्या बायकांनी शिकलेलं सगळं 'ब' गटातल्या बायकांना पाणवठ्यावर शिकवून टाकलं, दोन्ही गट सारखेच बारीक झाले, आणि दोन गटांत फरकच उरला नाही म्हणून परीक्षकांनी काम परत पाठवलं. गावाची तब्येत सुधारली, पीएचडी गेली.

म्हणून छायानं बायकांना आधी समजावून सांगितलं: कार्यक्रमातलं काहीही दुसऱ्या गटातल्या बाईला सांगायचं नाही आणि तिनंही विचारायचं नाही. बायकांनी माना डोलावल्या. त्या माना पाहूनच छायाला प्रबंध परत आलेला दिसला. समाजमंदिराच्या भिंतीवर सप्तशृंगीची तसबीर होती, तिला शिळा हार होता. छायाला एकदम सुचलं.

"उठा सगळ्या. आईसमोर हात जोडा. गडावरच्या आईची आण घेऊन म्हणा, मॅडम सांगेपर्यंत दुसऱ्या गटाला काही सांगणार नाही, काही विचारणार नाही."

बायकांनी आण घेतली. हे संशोधनाच्या आराखड्यात नव्हतं. पण स्कूटरवरून परत जाताना छाया स्वतःवर खूश होती. लोकश्रद्धेचा संशोधनात उपयोग, असा एक वेगळा पेपरसुद्धा होऊ शकला असता.

नवसाबाई आणि धोंडाबाई एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या होत्या. बांधाला बांध, गोठ्याला गोठा. दोघींचा झेंडू, दोघींची मेथी, आणि बुधवारच्या बाजारात गोदाकाठी दोघींत मिळून एक वजनकाटा. नवरेही एकामागोमाग गेले होते. नवसाबाईला विंचू चावला तेव्हा धोंडाबाईनं तिला पाठुंगळी मारून रस्त्यापर्यंत नेलं होतं. धोंडाबाईची पिशवी काढली तेव्हा सिव्हिलच्या वऱ्हांड्यात नवसाबाई झोपली होती. गावात एकीला निरोप दिला की दुसरीला द्यावा लागत नसे.

आण घेतली त्या संध्याकाळी नवसाबाई नेहमीप्रमाणं बांधावर आली आणि बोलायला तोंड उघडलं. धोंडाबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. धोंडाबाईची सून रोशनी तेव्हा फुलं तोडत होती, तिनं हे पाहिलं.

"नवसे, माह्याशी बोलू नको," धोंडाबाई म्हणाली. "तू बोलली का तुह्या तोंडातून समदं निघतं. अन् मी इचारल्याबिगर ऱ्हात नाय. आई लय कडक हाये."

"मंग कव्हा बोलायचं?"

"मॅडम सोडतील तव्हा. दिवाळीत सुटंल म्हणत्यात. पाडव्याला ये फराळाला, तव्हा बोलू."

नवसाबाईनं थोडा विचार केला, मान हलवली आणि निघून गेली. कार्यक्रमाबद्दल बोलू नका, एवढंच छायाचं म्हणणं होतं. पण या दोघींना थोडं बोलणं माहीतच नव्हतं. एक गोष्ट सांगायची आणि दुसरी झाकून ठेवायची, हे त्यांना जमलं असतं तर त्या मैत्रिणी झाल्याच नसत्या.

गावाला हे कळायला आठवडा लागला आणि कारणं शोधायला एक दिवस. बांध कोरला, म्हशीनं मेथी खाल्ली, लग्नातल्या साडीवरून झालं, अशी तीन कारणं पारावर फिरली. सरपंच केरू दोघींच्या घरी जाऊन आला. दोघींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं की रिसर्च चालू हाये. त्यानंतर गावात कुठलेही दोन भाऊ बोलेनासे झाले की लोक म्हणू लागले, "त्यांच्यात रिसर्च झालाय."

बुधवारच्या बाजारात त्या पूर्वीसारख्याच शेजारीशेजारी बसायच्या. मधे वजनकाटा. गिऱ्हाईक आलं की एक काटा दुसरीकडे सरकवायची, दुसरी मोजून परत सरकवायची. दसऱ्याला झेंडूची अशी गर्दी झाली की काटा दिवसभर इकडून तिकडे फिरत राहिला, आणि त्या दोघींमध्ये दिवसभरात एक शब्द झाला नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, तुम्ही सख्ख्या बहिणी का हो? तोंडं सारखीच फुगलीयेत." नवसाबाईला हसू आलं. ते दाबायला तिनं तोंडात पदर कोंबला. धोंडाबाईनं मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. कारण नवसाबाईकडे पाहिलं असतं तर आण मोडली असती.

इकडे 'अ' गटाचा कार्यक्रम रंगात आला होता. छायाकडे चित्रांचे मोठे तक्ते होते. एकावर दोन हसऱ्या बायका बूट घालून चालत होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'मैत्रिणीला सोबत घ्या.' दुसऱ्यावर होतं, 'सुरुवातीला अंग दुखेल. घाबरू नका. सोडू नका.' हे वाक्य छाया दर वेळी सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायची. शेवटी जोडीचा व्यायाम असायचा. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, तळव्याला तळवा लावायचा आणि एकमेकींना ढकलायचं. नवसाबाईच्या जोडीला चिमणाबाई आली. चिमणाबाई नावाच्या अगदी उलट होती. पहिल्याच दिवशी तिनं असं ढकललं की नवसाबाई मागच्या खुर्चीत जाऊन बसली, खुर्ची मागे सरकत भिंतीला लागली आणि दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. पुढे दर आठवड्याला व्यायामाची वेळ झाली की नवसाबाई आधी खुर्ची भिंतीला लावून ठेवायची आणि मगच म्हणायची, "ये गं म्हशे." छायानं तिच्या निरीक्षणात लिहिलं: सहभाग उत्तम.

दसरा झाल्यावर एके दिवशी रोशनी कॉलेजात आली. बाजारात फुलं टाकून परस्पर आली होती, ओढणीला पाकळ्या चिकटल्या होत्या. छाया तिला व्हरांड्यात भेटली, जिथं शिकवण्यासाठीचा सांगाडा टांगलेला होता. रोशनी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"मॅडम, माझ्या सासूबाईंना बोलायला सांगा ना. तुम्ही सांगितलं तरच बोलतील."

"काय झालं?"

"काल नवसाबाई आमच्या दारात आल्या होत्या. उभ्याच राहिल्या. सासूबाईंनी आतून कडी घातली. मी म्हटलं, अहो आई, काहीतरी सांगायचंय त्यांना. तर म्हणाल्या, तेच तर नको. ती सांगंल अन् मी ऐकंन. थोडा वेळ उभ्या राहून गेल्या त्या. मग सासूबाई रात्री जेवल्याच नाहीत. असं हल्ली बरेचदा होतंय मॅडम. आमच्याकडे टीव्हीचा आवाज मोठा ठेवतात, पलीकडून नवसाबाईचा आवाज आला तर ऐकू येऊ नये म्हणून."

छायाला हसू आलं, आणि आलं म्हणून वाईटही वाटलं.

"अगं, मी बोलूच नका असं कधी म्हटलं? फक्त कार्यक्रमाबद्दल."

"त्यांना तसं जमत नाही ना. पाडव्याला फराळाला बोलू, तोवर नाही, असं धरून बसल्यात."

छाया बाजूला जाऊन गाइडशी फोनवर बोलली. मोहिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"एका बाईला सोडलंस की सगळ्याच सुटतील," त्या म्हणाल्या. "किती राहिलंय आता? दिवाळीच्या तोंडावर मोजमाप ना? मग? इतके दिवस थांबल्या, आणखी थोडे थांबतील. आणि छाया, खरं सांगू, असा कंट्रोल ग्रुप मी आयुष्यात पाहिला नाही. शून्य कंटॅमिनेशन. तू हे पेपरमध्ये लिही."

छाया परत आली तेव्हा रोशनी ओढणीच्या पाकळ्या काढून मुठीत जमा करत होती.

"थोडेच दिवस राहिलेत गं," छाया म्हणाली. "पाडव्याला बोलणारच आहेत ना दोघी? मग बोलतील पोटभर. उलट जास्त मजा येईल."

रोशनीनं मान हलवली. पाकळ्या कुठं टाकाव्यात ते तिला कळेना. तिनं त्या मुठीतच ठेवल्या आणि गेली.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी नवसाबाई शेतरस्त्यावर चालायला गेली आणि पाटाच्या कडेला बसली. तिथंच ती गेलेली सापडली. पायात कार्यक्रमात मिळालेले बूट होते.

छाया भेटायला गेली तेव्हा अंगणात सतरंजी टाकली होती. नवसाबाईचा मुलगा ज्ञानेश डोकं भादरून बसला होता. तो छायाशी अतिशय आदरानं बोलला, हेच तिला सहन झालं नाही.

"लय आवडायचं तिला तुमचं ते. एक दिवस चुकवला नाही. महिनाभर जबडा दुखतो म्हणायची, खांदा दुखतो म्हणायची. मी म्हटलं दवाखान्यात जाऊ. तर म्हणायची, मॅडमनी सांगितलंय, सुरुवातीला अंग दुखतं, घाबरायचं नाही." त्यानं पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "एरवी ती दुखणंखुपणं मला कशाला सांगायची? धोंडामावशीला सांगायची. अन् मावशी मंग वढत न्यायची तिला दवाखान्यात. माझं कुठं ऐकायची ती."

मधुमेह असलेल्या बाईला हृदयविकारात छातीत दुखेलच असं नाही. जबडा, खांदा, पाठ दुखू शकते. हा प्रश्न छाया दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या पेपरात घालायची. पाच गुणांना. तिनं समोर आलेलं पाणी घेतलं आणि न पिता खाली ठेवलं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बायकांच्या मागे, धोंडाबाई बसली होती. तोंडावर पदर होता. छाया तिच्यापर्यंत जाणार होती, पण मधे खूप बायका होत्या, आणि मग ती गेली नाही.

कॉलेजच्या समितीला कळवण्याचा एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं: घटनेचा अभ्यासातील कार्यक्रमाशी संबंध आहे / नाही / सांगता येत नाही.

"'नाही'वर टिक कर," मोहिनी मॅडम म्हणाल्या. "चालण्यानं कोणी मरत नाही."

ते खरंच होतं. छायानं टिक केली. नवसाबाई अभ्यासाच्या भाषेत गळती झाली. थोडी गळती चालते. मयतीमुळे लांबलेली मोजमापं दिवाळीनंतर झाली. 'अ' गटाची साखर उतरली होती, 'ब' गटाची होती तिथंच होती, आणि फरक इतका स्वच्छ होता की आकडेवारी करून देणाऱ्या माणसानं फोन करून अभिनंदन केलं.

मग एक शेवटचं काम उरलं. नियम असा आहे की ज्यांना काही दिलं नाही, त्यांनाही अभ्यास संपल्यावर तेच द्यायचं, म्हणजे अन्याय होत नाही. बहुतेक जण एक पत्रक देऊन हा अन्याय मिटवतात. छायानं 'ब' गटाला समाजमंदिरात बोलावलं, आण सुटल्याचं जाहीर केलं, पत्रकं वाटली, चहा दिला. बायका पत्रकं घडी करून कमरेला खोचून गेल्या. चहाचे कप गोळा करायला छाया वळली तेव्हा धोंडाबाई भिंतीशी बसून होती.

"मावशी, झालं. संपलं."

"सुटली ना आण?"

"सुटली."

"नक्की? तुमच्यापुढं घेतली होती, म्हणून तुमच्याच तोंडून ऐकायची होती." धोंडाबाईनं पदर सारखा केला. "बाकीच्या बाया सांगाया बघत होत्या, इथं काय काय झालं ते. मी कान झाकले. मयतीलाबी बोलले नाय मी. लोक म्हणाले, बोल गं, शेवटचं बोल तिच्याशी. पण सुटली नव्हती ना." मग ती छायाकडे न बघता म्हणाली, "आता मला सांगा."

"काय?"

"तिला जे जे सांगितलं ते समदं. पहिल्या दिवसापासून. तिला जसं शिकवलं तसं मला शिकवा."

छायाच्या हातात उष्टे कप होते. तिनं ते खाली ठेवले. तक्ते अजून स्कूटरवर होते. ती जाऊन घेऊन आली. रिकाम्या समाजमंदिरात एकाच बाईसमोर तिनं पहिला तक्ता उभा केला आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. साखर म्हणजे काय, ती रक्तात कशी साठते. तो आवाज रिकाम्या जागेत जरा जास्तच मोठा वाटला.

"ती कुठं बसायची?" धोंडाबाईनं मधेच विचारलं.

"तिथं. पहिल्या रांगेत."

धोंडाबाई उठली आणि तिथं जाऊन बसली.

"हं. सांगा. अन् हे सांगितलं तव्हा ती काय म्हणाली?"

छायाला आठवेना. नवसाबाईची साखर तिला आठवत होती, वजन आठवत होतं, प्रेरणेच्या मोजपट्टीवरचा आकडा आठवत होता. ती काय म्हणाली, हे लिहायला रकाना नव्हता. समोरची बाई वाट पाहत होती.

"म्हणाल्या की," छाया म्हणाली, "आजपासून चहात साखर बंद."

धोंडाबाईनं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"ती असं नाय म्हणायची. चहा सोडीन पण साखर सोडणार नाय, असं म्हणाली आसंल."

"हो. तसंच काहीतरी."

"तेच. पुढं सांगा."

छाया तक्ते उलटत राहिली. धोंडाबाई ऐकत होती आणि मधेमधे ओठ हलवत होती, जणू उत्तरं देत होती. हसऱ्या बायकांचा तक्ता आला तेव्हा छायानं तो घाईनं उलटला. अंग दुखण्याच्या तक्त्याला तिनं हातच लावला नाही. दोन कागद एकदम उचलून मागे टाकले. धोंडाबाईनं ते पाहिलं. 

"अन् शेवटी?"

"शेवटी व्यायाम. दोघी-दोघींचा. असं समोर उभं राहायचं, हाताला हात लावायचा, आणि ढकलायचं."

धोंडाबाईनं उठून आपले तळवे समोर धरून पाहिले. बोटांच्या पेरांत झेंडूचा हिरवा-काळा डाग होता, धुऊन न जाणारा.

"तिच्या जोडीला कोण होतं?"

हे मात्र छायाला आठवत होतं. सगळ्या कार्यक्रमातली ही एकच गोष्ट तिला स्वच्छ आठवत होती: सरकणारी खुर्ची, चिमणाबाईचे भलेमोठे हात, डोळे पुसणं, ये गं म्हशे. तिनं तोंड उघडलं. समोर उभ्या असलेल्या बाईनं तीन महिने दाराला कडी घातली होती, टीव्हीचा आवाज मोठा ठेवला होता, आणि मेलेल्या मैत्रिणीशीसुद्धा एक शब्द काढला नव्हता. आणि तिला सांगायचं की नवसाबाई इथं दर आठवड्याला दुसरीच्या हातात हात देऊन खिदळत होती? छाया वीस वर्षं नर्स होती. नातेवाइकांना काय सांगायचं आणि काय नाही, एवढं तिला कळत होतं.

"कोणीच नाही," ती म्हणाली. "त्यांनी जोडी घेतलीच नाही. म्हणाल्या, माझी जोडीदारीण दुसऱ्या गटात आहे. एकट्याच करायच्या, भिंतीला हात लावून."

आपलं वाक्य छायाला बरं वाटलं. ते नवसाबाईसारखंही वाटलं. 'ती असं नाय म्हणायची,' असं धोंडाबाई या वेळी म्हणणार नाही, याची तिला खात्री होती.

 धोंडाबाईचे वर धरलेले हात हळूहळू खाली आले.

"एकटीच?"

"हो."

"तिकडं घरात एकटी. बाजारात मी शेजारी बसून नसल्यासारखी. मला वाटायचं, जाऊ दे, तिला इथं तरी चार बाया हायेत. हसत-खेळत आसंल. त्याच्यावर मी ऱ्हायले मॅडम. कडी लावायची तव्हाबी हेच म्हणायची मनाला, उद्या तिचा कार्यक्रम हाये, तिथं बोलंल ती." तिनं पदराचं टोक हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "अन् इथंबी ती भिंतीलाच हात लावून उभी."

छायाची कानशिलं तापली.

"नाही, मावशी. ऐका. मी चुकीचं सांगितलं. त्यांच्या जोडीला चिमणाबाई होती. खरंच. दर वेळी. चिमणाबाई ढकलायची आणि त्या खुर्चीत जाऊन पडायच्या, आणि इतक्या हसायच्या दोघी, इतक्या हसायच्या की मला थांबवावं लागायचं. तुम्ही चिमणाबाईलाच विचारा."

"चिमणा मनमाडला गेली लेकीच्या बाळंतपणाला."

"मग फोन करा. मी लावून देते."

धोंडाबाई तिच्याकडे पाहत होती. रागानं नाही. घरात कोणी गेलं की भेटायला येणारी माणसं काय काय बोलतात, त्यांच्याकडे जसं पाहतात तसं.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्या हायेत. मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"अहो, नाही. देवीची आण."

"नका घेऊ," धोंडाबाई पटकन म्हणाली. "ती नका घेऊ आता कोणी."

 धोंडाबाईनं खाली पाहिलं, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि भिंतीजवळ गेली.

"इथं?" तिनं विचारलं.



धोंडाबाईनं भिंतीवर हात फिरवला, एक जागा बघितली, तिथं दोन्ही तळवे टेकवले आणि ढकलायला लागली.